दोन्ही बाजूंना नदी

घर दाखवायला नेलं की मिमून आधी किल्ली काढत नसे. गिऱ्हाइकाला बंद दारासमोर उभं करायचा आणि म्हणायचा, "जरा कान देऊन ऐका." मग गल्लीतलं सगळं हळूहळू कानावर यायचं. कुणाकडे पीठ मळलं जातंय, कोणाची सून कुणाला सुनावतेय, कुणाचं पोर शाळेचा पाठ घोकतंय. "हे सगळं घराबरोबर येतं," तो सांगायचा. "भिंती काय, त्या नंतर बघू."

तिनझर गावात जागांची दलाली करता करता त्याची तीस वर्षं गेली होती. ऑफिस वगैरे काही नव्हतं. पुलाच्या वरच्या तोंडाला जो कॅफे आहे, तिथलं भिंतीकडचं टेबल हेच त्याचं ऑफिस. छप्पर गळत असेल तर तो आधीच सांगून मोकळा व्हायचा. शेजारीण तोंडाची फटकळ असली तर तेही सांगायचा. त्यामुळे लोकांचा त्याच्यावर भरवसा होता. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्याला खोटारडा म्हणणारा एकही माणूस गावात नव्हता, आणि याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

फक्त पुलाखालच्या वस्तीत घर दाखवताना तो कमी बोलायचा.

तिनझर उतारावर वसलंय. वर जुनं गाव, मशीद, शाळा, दवाखाना, खाली नदी. नदी म्हणजे नुसती वाळू, गोटे आणि कण्हेरीची झुडपं. बारा वर्षांपूर्वी हाज्ज बुश्ता नावाच्या पैसेवाल्याने त्या पात्रातल्या रुंद, सपाट पट्ट्यावर चुन्याच्या रेघा मारल्या, प्लॉट पाडले आणि फाटकावर 'सलाम वस्ती' अशी पाटी लावली. पुढे तो नगरपालिकेत निवडून आला, आणि पाटी तशीच राहिली. लोक मात्र 'पुलाखाली' एवढंच म्हणायचे.

डोंगरातल्या विहिरी आटल्या तशी तिकडची माणसं खाली यायला लागली. मेंढ्या विकून आलेले पैसे कंबरेला बांधून ती मिमूनसमोर येऊन बसायची. शाळा जवळ हवी, दवाखाना जवळ हवा, आणि स्वस्त हवं. स्वस्त एकच जागा होती. वस्तीतल्या चौसष्ट घरांपैकी एकेचाळीस मिमूनच्या हातून गेली. ती त्याने वाटेल तशी नव्हती लावली. लग्नाच्या पंगतीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं हे घरची मोठी बाई जशी ठरवते, तशी त्याने माणसं बसवली होती. टायरांची पंक्चरं काढणारा मोहा भांडखोर, म्हणून त्याला कोपऱ्यावरचं घर. सुईणबाईचं घर मधोमध, म्हणजे कुठूनही हाक ऐकू जाईल. मुलगा दूर मेकनेस शहरात असलेली एकटी विधवा ख्नाता, जिला सगळे मानाने लल्ला म्हणायचे, तिला सुईणीच्या आणि मोहाच्या मध्ये, म्हणजे एकटं वाटायचं नाही.

आणि वस्ती खरंच जमली. वरच्या गावात दुपार कलली की दारं लागायची. खाली दारं उघडीच. भट्टी एकच होती, तिथे बायका पिठाच्या पराती घेऊन जमायच्या आणि भाकऱ्या भाजून होईपर्यंत अख्ख्या वस्तीची झडती घेतली जायची. कुणाकडे मुलगी झाली की प्रत्येक घरातून एकेक वाटी तूप यायचं. मिमून मुद्दाम तिथून चक्कर मारायचा. आपल्या हातून आयुष्यात काही चांगलं झालं असेल तर ते हेच, असं त्याला वाटायचं. आणि तिथून परत येताना दर वेळी तो नदीकडे न बघता पूल चढायचा.

कारण त्याने जुना कागद पाहिला होता. पहिलंच घर विकताना, दस्त लिहिणाऱ्याच्या कपाटात, आजोबांच्या काळातला, कडा कुरतडलेला. त्या पट्ट्याच्या चतुःसीमा त्यात लिहिल्या होत्या. पूर्वेला नदी. पश्चिमेला नदी. म्हणजे ही जमीन काठावरची नव्हतीच. नदीच्या पोटातली होती. नव्या कागदांवर पूर्वेला बारा मीटरचा रस्ता आला, पश्चिमेला अमुक तमुकचं घर आलं. कागदावरून नदी गेली. मिमूनने तो जुना कागद घडी घालून होता तिथे ठेवला आणि कुणाला काही बोलला नाही.

नऊ वर्षांचा असताना त्याने पाणी पाहिलं होतं. टेकडीवर आईचा हात धरून उभा होता. अख्खं अक्रोडाचं झाड उभंच्या उभं वाहत आलं होतं, आणि त्याच्या फांदीला एक बाई धरून होती. ती ओरडत नव्हती. हे त्याला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं होतं. पण त्याला एकोणपन्नास वर्षं झाली. अधूनमधून घोट्याएवढं पाणी यायचं आणि आठवड्यात वाळून जायचं. गेली सात वर्षं तर तेही नाही. एकोणपन्नास वर्षांत नदी मेली असेल, असं तो स्वतःला समजावत आला होता.

त्या वर्षी वसंतात त्याची मुलगी इत्तो नवरा आणि दोन पोरांना घेऊन अगादीरहून कायमची परत आली. नवरा यिदीर नगरपालिकेची शाळेची बस चालवणार होता. जागा मिळेपर्यंत सगळे मिमूनकडेच उतरले. एका शुक्रवारी कुसकुसचं ताट मध्ये ठेवून सगळे जेवायला बसले असताना इत्तो म्हणाली, "बा, तुझं काम मी हलकं केलं. घर बघितलं."

"कुठलं?"

"लल्ला ख्नाताचं. ती मेकनेसला मुलाकडे चाललीय. तिचं सामानसुद्धा बांधून झालंय. अंजिराचं झाड आहे अंगणात, भट्टी चार पावलांवर. पोरांनी तर खोल्यासुद्धा वाटून घेतल्या."

मिमूनचा हात ताटातच थांबला. "ते नको."

"का नको? मोडकं आहे?"

"मोडकं नाही."

"मग शेजार वाईट आहे?"

"शेजार सोन्यासारखा आहे. मीच लावलाय."

"मग झालं तर."

"इत्तो, नको म्हटलं ना. दुसरं बघू. वर मशिदीमागे एक आहे."

"ते कबुतराचं खुराडं आहे, बा." ती हसली, पण बापाकडे बघून तिचं हसू विरलं. "काय आहे तिथे? कुणी मेलंय का त्या घरात?"

मिमूनची बायको रहमा पोरांना भरवत होती. तिने गाजराचा तुकडा नातवापुढे सरकवला आणि वर न बघता म्हणाली, "सांग की आता. बारा वर्षं माझ्या उशाशी कूस बदलतोयस. आज पोटच्या पोरीवर आलं, तर सांग."

"तिथे पाणी येतं," मिमून म्हणाला.

यिदीरने पोरांना अंगणात पाठवलं.

"कधी येतं?" इत्तोने विचारलं.

"येईल कधीतरी. ती जागा नदीची आहे."

"आणि तू एकेचाळीस घरं विकलीस."

"मी खोटं नाही बोललो कुणाशी."

"हो," इत्तो उठत म्हणाली. "बोललाच नाहीस."

इत्तो गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. त्याच दिवशी ती ख्नाताकडे गेली आणि घर का घेत नाही ते तिने सरळ सांगून टाकलं. भट्टीवर ते पोचायला तासही लागला नाही. मिमूनने स्वतःच्या मुलीला पुलाखाली घर घेऊ दिलं नाही, एवढं एक वाक्य. त्याहून जास्त कुणाला काही लागलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिमूनच्या टेबलाशी मोहा येऊन उभा राहिला. हात काळे, कपाळ घामेजलेलं. मागे वस्तीतले दहाबारा पुरुष.

"माझ्या मुलीचं नाव काय?" मोहाने विचारलं.

"तूदा," मिमून म्हणाला.

"आठवतंय म्हणायचं. ती त्या घरात जन्मली. तिच्या बारशाला तू माझ्याकडे बसून मेंढीची बरगडी चावलीस. तेव्हा तुझ्या घशात काही अडकलं नाही?"

"मोहा, बस."

"बसायला नाही आलो. एवढंच सांग. येतं की नाही येत?"

मिमूनने मग जुन्या कागदाचं सांगितलं. पूर्वेला काय लिहिलंय, पश्चिमेला काय लिहिलंय. झाडावरच्या बाईचं मात्र त्याला सांगवलं नाही. मग मागच्या पुरुषांतला एक, बरका नावाचा मेंढपाळ, 'सी' असा मान देत हळूच म्हणाला, "सी मिमून, हे तुम्ही आता कशाला सांगितलंत? आता आम्ही विकायचं कुणाला?"

आणि झालंही तसंच. महिन्याभरात अर्ध्या वस्तीने घरं विकायला काढली आणि एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. गंमत अशी की लोकांचा राग घरं विकल्याचा कमी आणि तोंड उघडल्याचा जास्त होता. भट्टीवर बायका त्याला बघून पाठ फिरवायच्या. दारं उघडीच असायची, पण तो गल्लीत शिरला की आतले आवाज बंद व्हायचे. त्याने कधीच न ऐकलेली शांतता होती ती.

लल्ला ख्नाता एकदा रस्त्यात भेटली. "मी गाठोडी बांधून बसले होते रे," ती म्हणाली. "सतरंज्या गुंडाळल्या होत्या. आता मुलगा म्हणतो, आई, घर विकलं गेलं की ये, इथे जागा लहान आहे, मोठी घ्यावी लागेल. तुझ्या मुलीने घेतलं असतं तर मी आज मेकनेसला असते."

"दुसरं गिऱ्हाईक बघतो, लल्ला."

"कुठून बघतोस? चंद्रावरून?"

मग हाज्ज बुश्ता आला. मिमूनच्या घरी, निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा मोठा, शंकूसारखा सुळका भेट घेऊन, जसं कुणाच्या लग्नाला किंवा मयताला जावं. चहाचे तीन पेले प्याला, नातवांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मिमून, माणूस वयाने थकतो. कधी काही वाचतो, कधी काही आठवतं. त्यात लाज नाही. कॅफेत चार जणांत एवढंच म्हण, की माझी नजर चुकली. कागद दुसऱ्या जागेचा होता."

"कागद त्याच जागेचा आहे, हाज्ज."

"होता," बुश्ता हसून म्हणाला. "मी बघून आलो. त्या कपाटात आता तसला काही कागद नाही." त्याने अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं. "जावई नगरपालिकेची बस चालवतो ना? चांगली नोकरी आहे. नीट सांभाळायला सांग."

तो गेल्यावर रहमाने साखरेचा सुळका उचलला आणि दाराबाहेर ठेवून आली.

उन्हाळा त्या वर्षी विचित्र आला. डोंगरामागे रोज दुपारी ढगांचे मनोरे चढायचे आणि तिनझरवर थेंब पडायचा नाही. हवा अशी जड, की चहात पुदिना टाकला तरी वास वर येत नव्हता. मिमूनला ठाऊक होतं, पाणी गावातल्या पावसाने येत नाही. ते चाळीस किलोमीटर वर पडतं आणि खाली कडक ऊन असताना येतं. वर दरीच्या तोंडाशी एका वाडीत फद्मा नावाची बाई किराणा दुकान चालवायची. तिच्या भावाला त्याने कधीकाळी घर मिळवून दिलं होतं. तिला त्याने फोन करून सांगितलं, "वरून काही आलं तर मला आधी कळव. दीड तास मिळतो आम्हाला."

"तुम्ही आता पाण्याची दलाली सुरू केलीत वाटतं," ती म्हणाली, पण कबूल झाली.

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी तिचा फोन आला. पाणी सुटलंय. मिमून वहाणा न घालता पुलाखाली धावला. दारोदार ओरडला. आणि लोक निघालेही! म्हातारी माणसं पाठीवर, कोंबड्या टोपलीत, टीव्ही डोक्यावर. सगळे टेकडीवर जाऊन उन्हात बसले. दोन तासांनी पाणी आलं. गढूळ, घोट्याएवढं, पुढे फेसात प्लॅस्टिकच्या बाटल्या नाचवत. पात्राच्या एका कडेच्या खळग्यातून ते शहाण्यासारखं निघून गेलं. एकाही उंबऱ्याला शिवलं नाही.

आधी एक जण हसला, मग सगळे. हसता हसता शिव्या सुरू झाल्या. चढताना एका म्हातारीचा पाय मुरगळला होता. मोहा मिमूनच्या अगदी तोंडाशी आला. "ही तुझी नदी? माझी पोरगी यात लंगडी खेळते. आता परत माझ्या दारात येऊन ओरडलास तर टायरात घालून वर पाठवीन."

त्यानंतर पोरं त्याला बघून ओरडायची, "पाणी आलं रे, पाणी आलं!" आणि खिदळत पळायची. लोक निर्धास्त झाले. त्याचीच मिमूनला जास्त भीती वाटायला लागली. एकदा आलं आणि गेलं, म्हणजे झालं, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. दोघांनी तर घरावर आणखी एक खोली चढवायला घेतली.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारच्या नमाजानंतर, मिमून कॅफेत बसला असताना फोन वाजला. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

"सी मिमून," फद्मा कुजबुजल्यासारखी बोलत होती, "पाणी अजून दिसत नाही. पण दुकानातल्या बरण्या वाजतायत. आपोआप. एकमेकींवर." पलीकडे कुणीतरी किंचाळलं. "सी मिमून, वळणावर काहीतरी आलंय. ते पाणी नाही. भिंत आहे," ती म्हणाली आणि फोन तुटला. त्याने परत लावला. लागला नाही.

तो पुलावर आला. खाली वस्ती दुपारच्या उन्हात पसरली होती. भट्टीतून धूर निघत होता. शाळा सुटून मुलं घरी पोचली होती. इथून 'पाणी आलं' म्हणून ओरडलो तर काय होईल, हे त्याला डोळ्यांसमोर दिसलं. हसतील. दारात उभे राहून हसतील.

तीस वर्षं माणसं ओळखण्यात घालवलेला माणूस होता तो. कुणाला काय हवंय हे त्याला न विचारता कळायचं. पुलाखालच्या प्रत्येक घराला या घडीला एकच गोष्ट हवी होती.

तो खाली उतरला. धावला नाही. सरळ भट्टीवर गेला, जिथे आठदहा बायका होत्या, आणि घाम पुसत म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय."

बायकांनी पाठ फिरवलेली होती. तरी एकीने विचारलं, "कशाचं?"

"सगळ्याचं. अख्ख्या वस्तीचं. कासाब्लांकाची मोठी कंपनी आहे. शाळेच्या पटांगणात माणसं बसलीत टेबलं मांडून. आजच्या आज. चारची गाडी आहे त्यांची, मग जाणार." शब्द त्याच्या तोंडातून इतके सहज निघत होते की त्याला स्वतःचीच भीती वाटली. "कागद घेऊन या. आणि घरातलं प्रत्येक माणूस पाहिजे. लहान पोरंसुद्धा. माणशी नावं लिहितायत, जितकी माणसं तितका भाव जास्त."

पराती तिथेच राहिल्या. बातमी अशी पेटली की मिमून पुढच्या गल्लीत पोचण्याआधी ती तिथे पोचलेली होती. माणसं पेट्या उघडून प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद शोधत होती. बायका पोरांची तोंडं पुसत होत्या, नवे कपडे घालत होत्या. "नवे कपडे राहू दे गं, आधी चल!" नवरे ओरडत होते. पाय मुरगळलेल्या म्हातारीला तिच्या दोन नातवांनी खुर्चीसकट उचललं. "सी मिमून, देव तुमचं भलं करो," बरका त्याचा हात दाबून म्हणाला. "चूक निस्तरलीत." मिमूनला त्याच्या डोळ्यांत बघवेना.

रांगच्या रांग चढावर लागली. तासाभरात गल्ल्या ओस पडल्या. मिमून एकेका दारात डोकावत गेला. भट्टीतली भाकरी जळत होती. ख्नाताच्या घरातून मात्र भांड्यांचा आवाज येत होता.

ती चुलीपाशी बसली होती. सतरंज्या परत अंथरलेल्या, गाठोडी सोडलेली.

"लल्ला, चल. सगळे गेले."

"जाऊ देत. मला नाही विकायचं आता. मन बसवलंय मी परत इथे. दर महिन्याला उठवू नका मला."

"विकायचं नाहीये. लल्ला, गिऱ्हाईक नाही. पाणी येतंय."

तिने तव्याखाली एक काटकी सरकवली. "गेल्या महिन्यातही येत होतं."

"आता खरं येतंय."

"वर बसलेत त्यांना काय सांगितलंस?"

"गिऱ्हाईक आलंय म्हणून."

"आणि मला पाणी. यातलं खोटं कुठलं, मिमून? तुला तरी ठाऊक आहे का?"

त्याने तिचा दंड धरला. तिने झटका देऊन सोडवून घेतला. "हात नको लावूस. एवढी भाकरी निघू दे तव्यावरून. मग येते. तू हो पुढे."

"मी थांबतो."

"मग थांब," असं म्हणून तिने भाकरी उलटली.

तेवढ्यात दारात मोहा उभा राहिला, रागाने लाल. "कुठाय तुझी कंपनी? पटांगणात कुत्रं नाही! तिनशे माणसं कागद धरून—" आणि तो थांबला. कोनाड्यातले पेले किणकिणायला लागले होते. एकमेकांवर. मोहाने पेल्यांकडे पाहिलं, मग मिमूनकडे. मग वरच्या अंगाने एक आवाज आला, दगडांचा ट्रक रिकामा होतोय आणि संपतच नाहीये असा.

मोहाने मिमूनला बखोटीला धरलं. मिमून ओरडत होता, "तिला घे, तिला घे!" ख्नाता उठली होती. खरंच उठली होती. पण दाराकडे न येता आतल्या खोलीत वळली, कागद घ्यायला की चादर घ्यायला, कोण जाणे. मोहा पंचवीस वर्षं ट्रकची चाकं उचलणारा गडी; त्याने मिमूनला खेचत, फरपटत चढावर नेलं. समोरून बरका उलटा खाली धावत आला, "माझी मेंढी बांधलेली आहे," म्हणत. त्याला धरायला मोहाकडे तिसरा हात नव्हता.

वळून पाहिलं तेव्हा पुलाची कमान तुंबली होती. पाणी नव्हतंच ते. चिखल, दगड, झाडं, कुणाच्या तरी घराचं दार. क्षणभर ते पुलाला टेकून उभं राहिलं. मग पूलच गेला. वस्तीत ते एका बाजूने शिरलं नाही. दोन्ही बाजूंनी शिरलं आणि मध्ये मिळालं. ख्नाता गच्चीवर आली. घर बराच वेळ उभं होतं. मग नव्हतं.

बरकाही सापडला नाही. चौसष्टातली एक्कावन्न घरं गेली. वर टेकडीवर दोनशे सत्त्याण्णव माणसं होती, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या हातात अजून ते कागद होते. कुणी रडत नव्हतं. सुईणबाई मिमूनजवळ आली. त्याला वाटलं, ती काही बरं बोलेल. तिने हातातली पिशवी त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, "म्हणजे गिऱ्हाईक नाहीच का?"

पुढे चौकशी झाली. साहेब लोक आले, फोटो काढून गेले. बुश्ताने सगळ्यांत आधी ब्लँकेटं वाटली आणि कागदोपत्री सगळं नियमात असल्याचं दाखवलं. मिमूनने जे ठाऊक होतं ते सांगितलं, स्वतःचंसुद्धा. ते लिहून घेतलं गेलं. यिदीरची बस काढून घेतली, तेव्हा त्याने काही न बोलता अगादीरला परत काम शोधलं. जायच्या आदल्या दिवशी इत्तो बापाजवळ येऊन बसली.

"मी ते घर घेतलं असतं तर ती मेकनेसला असती," ती म्हणाली.

"आणि तू खाली असतीस. पोरं खाली असती."

"मी तुझ्या हाकेला वर आले असते, बा. मी एकटी तरी आले असते."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

वस्ती फुटली. निम्मी माणसं तंबूत, काही नातेवाइकांकडे, काही परत कोरड्या डोंगरात. मोहाने वरच्या रस्त्याला टायरांचं दुकान थाटलं. तो कधीमधी मिमूनच्या टेबलाशी येऊन बसतो, चहा पितो, जातो. खालून वरच्या गावात आलेल्यांना एकच गोष्ट मिळत नाही: शेजार. मोहाची बायको सकाळी दार उघडून ठेवते, आणि दुपारपर्यंत त्या दारातून कुणी डोकावत नाही.

मिमूनने दलाली सोडली नाही. सोडून काय करणार? पण आता लोक त्याच्याकडे कमी येतात. समोरच्या अंगाला एक नवा, तरुण दलाल बसतो. त्याच्याकडे मोबाईलमध्ये नकाशे आहेत.

दीड वर्षाने, वसंतात, ख्नाताचा मुलगा मेकनेसहून आला. चाळिशीचा, आईसारखाच रुंद चेहऱ्याचा. म्हणाला, "सी मिमून, आईचा प्लॉट काढायचाय. गाळ बसून जमीन छान सपाट झालीय. काय भाव येईल?"

"त्या जागेचा भाव मी सांगत नाही, बाळा."

"का?"

मिमूनने त्याला सगळं सांगितलं. अक्रोडाच्या झाडावरच्या बाईपासून, त्याच्या आईच्या तव्यावरच्या भाकरीपर्यंत. काही लपवलं नाही. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. डोळे पुसले, मिमूनच्या खांद्याला हात लावला. मग उठला आणि रस्ता ओलांडून समोरच्या दलालाकडे जाऊन बसला.

त्या उन्हाळ्यात पाऊस पुन्हा पडला नाही. डोंगरातल्या आणखी तीन वाड्यांच्या विहिरी आटल्या. नवा पूल झाला, पहिल्यापेक्षा उंच, आणि त्याच्याखाली सिमेंटच्या विटांचे ढीग येऊन पडले. मिमून रोज सकाळी काठी घेऊन तिथे उतरतो. जो कुणी बायकापोरांसकट जागा बघायला आलेला असेल त्याच्यापुढे उभा राहतो आणि सगळं पहिल्यापासून सांगतो. काही जण घाबरून परत जातात. काही जण शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "मग सी मिमून, या पैशात दुसरी कुठली जागा मिळेल?" अशी जागा त्याच्याकडे नाही.

हिवाळा लागेपर्यंत खाली सात नव्या घरांवर छपरं चढली होती, आणि आठव्याच्या भिंती कमरेएवढ्या वर आल्या होत्या.